तेराव्या प्रकरणाचा शेवट

प्रिय मुंगे,

तुझं पाकीट येऊन आज तेवीस दिवस झाले. मधल्या काळात तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी तुला हवापाण्याच्या गप्पांत गुंतवून ठेवलं. सभागृहातला माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणारी मी, फोनवर चाचरत होते. तुझ्या ते लक्षात आलंच असणार. लहानपणापासून तुझे कान तिखट.

पाकिटात दोन गोष्टी होत्या. एक, तुझ्या आईच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीसाठी तू लिहिलेली प्रस्तावना, तिच्या डोक्यावर पेन्सिलीने शेरा, ‘मावशी, अजिबात दया दाखवू नकोस.’ दुसरी, तुझ्या घराच्या मागच्या खोलीचा नकाशा. जन्मभर लोकांच्या घरांचे नकाशे काढलेस, आता माझ्यासाठी काढलास. खिडकी डाव्या हाताला, कारण मी डावीकडून उजेड घेऊन वाचते. पलंगाशेजारी हाताच्या अंतरावर पुस्तकांचं कपाट. न्हाणीघराच्या दाराशी उंबरठा नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरात, ‘ये आता. भाड्याच्या खोलीत एकटी किती दिवस काढणार आहेस?’ या दोन्हींना मला उत्तर द्यायचं आहे. आणि पहिलीला दिल्याशिवाय दुसरीला देता येत नाही. म्हणून हे पत्र.

प्रस्तावना चांगली झाली आहे. कुठे गळा काढलेला नाहीस, कुठे मोठेपणा मिरवलेला नाहीस. मी तुझ्या अकरा स्वल्पविरामांना हात लावला आहे, तेवढं चालेल. पण तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे. ‘आईने अडीचशे पानं जगासाठी लिहिली, तिच्यामागे तिच्या मुलीने कुणाकडे राहायचं, याबद्दल मात्र तिने एक ओळही लिहून ठेवली नाही. मी तिला माफ केलं आहे.’ मुंगे, हे वाक्य प्रस्तावनेतलं सगळ्यांत सुंदर वाक्य आहे आणि ते खोटं आहे. तुझा दोष नाही. तुला जे सांगितलं गेलं त्यावर तू विश्वास ठेवलास. सांगणारी मी होते.

सगळं नीट कळायचं तर मुळापासून सुरू करायला हवं. तू म्हणशील, म्हातारी व्याख्यान झोडायला लागली. झोडू दे.

बाविसाव्या वर्षी मी, पुढे जिने तुझ्या आईचं पुस्तक काढलं त्या प्रकाशनसंस्थेत प्रुफं तपासायला लागले. छापखान्याच्या वर दोन खोल्या, लाकडी जिना, खाली यंत्र सुरू झालं की टेबलावरची दौत थरथरायची. आम्ही दोघी प्रुफवाल्या समोरासमोर बसायचो. एकीने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसरीने छापलेल्यावर बोट फिरवायचं. विराम, अवतरण, नवा परिच्छेद, सगळं तोंडाने म्हणायचं. दिवसाला साठ पानं. संध्याकाळी घरी गेले की मी माझ्या आईशीसुद्धा ‘चहा स्वल्पविराम पोळी पूर्णविराम’ असं बोलायची. पण माझं व्याख्यान देणं तिथेच सुरू झालं असं मी मानते. वाईट वाक्य मोठ्याने वाचलं की जीभच त्याला नकार देते. माझी जीभ नकार द्यायला लागली आणि मी ते मालकांना सांगायला लागले. मालक म्हणायचे, ‘बाई, तुम्हाला चुका काढायला ठेवलंय, लेखक काढायला नाही.’ चार वर्षांनी त्यांनीच मला संपादकाच्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. त्याखाली एका थोर कादंबरीकाराची न खपलेली कादंबरी घातलेली होती. ती मी अठ्ठावीस वर्षं काढली नाही.

माझा तो प्रसिद्ध नियम तुला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे, मी तो छातीठोकपणे सांगत आले. पण त्याचं मूळ मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. खुर्चीत बसले त्याच वर्षी बसचा एक कंडक्टर वर आला. गणवेशातच होता. म्हणाला, ‘ताई, दोन वर्षांपूर्वी कागद देऊन गेलो होतो. छापत नसाल तर परत द्या, माझ्याकडे दुसरी प्रत नाही.’ शोधलं. ते बाड मालकांच्या मेहुण्याच्या प्रवासवर्णनाखाली होतं. प्रवासवर्णन छापून, रद्दीत जाऊनसुद्धा झालं होतं. कंडक्टरने बाडाला दोरी बांधायला घेतली आणि तेवढ्यात मी त्याचं पहिलं पान वाचलं. मुंगे, माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, राहू द्या, मी छापते. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. म्हणाला, ‘आता नको ताई.’ गाठ मारली आणि जिना उतरून गेला. त्याचं नाव बाडाच्या मागच्या पानावर असणार, ते मी पाहिलंच नव्हतं. पुढे बसमध्ये चढले की कितीतरी वर्षं मी तिकीट देणाऱ्याचा चेहरा बघायची.

त्या दिवशी मी ठरवलं. नावाला मुजरा करणारा संपादक हा संपादक नव्हे, हुजऱ्या. माझ्या टेबलावर माणूस येणार नाही, फक्त मजकूर येईल. आमच्या टायपिस्टना सगळे काका म्हणत. पन्नाशीचा, अबोल, शिस्तीचा माणूस. काकांना मी सांगितलं, जे काही टपालाने येईल ते आधी तुम्ही टाइप करा. नाव काढा, पत्ता काढा, सोबतची चिठ्ठी काढा. ‘मी अमक्यांचा भाचा’, ‘माझी आई आजारी आहे’, ‘गेल्या वर्षी तुमचं भाषण ऐकलं’, यातलं काहीही मला दिसता कामा नये. हस्ताक्षरसुद्धा नको. वर एक क्रमांक आणि खाली मजकूर, एवढंच. काकांनी मान हलवली आणि तो नियम इतका काटेकोर पाळला की स्वतः मालकांनी दिलेली एक कवितासुद्धा क्रमांक पडून माझ्याकडे आली आणि नापसंत होऊन गेली. मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आम्ही किती हसलो होतो! त्या नियमाने कितीतरी चांगली माणसं लेखक झाली, हेही मी आज मागे घेणार नाही. लेखक मला पाठीमागे ‘कात्री’ म्हणायचे. मला ते बिरुद वाटायचं.

तुझी आई मात्र मला फौजदार म्हणायची, शाळेच्या बाकावर बसल्यापासून. तिने कधी लिहावं असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ती भूगोल शिकवायची, नकाशे डोळे मिटून काढायची आणि पत्रात दहा ओळींच्या पुढे जायची नाही. तुझे बाबा दुसरा संसार थाटून गेले, त्यानंतरच्या वर्षी काकांनी टाइप केलेलं एक प्रकरण माझ्याकडे आलं. एका लहान गावातली शिक्षिका शहरातल्या मैत्रिणीला पत्रं लिहिते, ‘प्रिय सखे’ अशी सुरुवात. शाळेची घंटा, पावसाने भिजलेले खडू, मोजण्याचं वेड असलेली एक मुलगी, तिला ती ‘धाकटी’ म्हणते. दोन पानांत मी ओळखलं. नाव झाकता येतं, चाल झाकता येत नाही. मी तिला फोन करून ओरडले, ‘चोरटे! हे कधीपासून?’ ती म्हणाली, ‘फौजदार, तुझ्या नियमाने मी परीक्षेला बसलेय. पास की नापास एवढंच सांग.’

मग दर महिन्याला एक प्रकरण. मी पेन्सिलीने खुणा करायची, कागद टपालाने परत जायचे, ती दुरुस्त करून नव्या प्रकरणाबरोबर पाठवायची. चौदा महिने. माझ्या आयुष्यातले तेवढे सुखाचे महिने दुसरे नाहीत. आमची खासगी पत्रं घरच्या पत्त्यावर यायची आणि प्रकरणं कचेरीच्या. कधी सरमिसळ झाली नाही. फक्त एकदा झाली. त्या महिन्यात मी खोली बदलली होती आणि नवा पत्ता तिला कळवायचा राहून गेला होता.

तेरावं प्रकरण तुला पाठ आहे. जगाला पाठ आहे. शिक्षिका सखीला लिहिते की डॉक्टरांनी गाठ आहे म्हणून सांगितलंय, कापू म्हणतात, पण उशीर झाला आहे हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं. वर्गात फळ्यावर नद्या काढताना हात वर जात नाही, म्हणून ती नद्या आता खालूनच काढते, समुद्राकडून उगमाकडे. आणि मग, ‘संध्याकाळी धाकटी विचारते, किती वाजले. मी घड्याळाकडे न बघता सांगते.’ तिथे प्रकरण संपतं. एकही हुंदका नाही, एकही मागणी नाही. या शेवटावर किती लिहिलं गेलं! अभ्यासक्रमात लागलं. तुझ्या प्रस्तावनेतसुद्धा तू लिहिलं आहेस, ‘आईला कुठे थांबायचं हे कळत होतं.’

आईला कळत नव्हतं. थांबवलं मी. तिने लिहिलेलं तिथे संपत नव्हतं. पुढे दोन परिच्छेद होते. ते वाचून माझी जीभ अडखळली. फार सरळ वाटले, फार उघडे. मी त्यांच्यावर आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘इथेच थांब. पुढचं काढ. हिला असा पदर पसरायला लावू नकोस, हिची किंमत कमी होते.’ शेरा लिहून झाल्यावर स्वतःवरच खूश झाले, हेही आठवतं. संध्याकाळी कागद टपालात पडले. पुढच्या महिन्यात तेरावं प्रकरण स्वच्छ होऊन आलं, ते दोन परिच्छेद नाहीत. चौदावंही आलं, आणि ते शेवटचं होतं.

त्यानंतर पाच महिन्यांनी शाळेच्या शिपायाचा मला फोन आला की बाई रुग्णालयात आहेत. मी धावत गेले. तू तिथे होतीस, नऊ वर्षांची, पलंगाच्या पायथ्याशी बसून सलाइनचे थेंब मोजत होतीस. मी तुझ्या आईवर चिडले, की एवढं होईपर्यंत मला एका शब्दाने कळवलं नाहीस? ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. तेव्हा मला त्या नजरेचा अर्थ लागला नाही. मला वाटलं, औषधांची गुंगी आहे. गोष्टीतल्या बाईला झालं तेच हिलाही झालं, केवढा योगायोग, असंही माझ्या मनात आलं! कागदावर जे येतं ते कुणाच्या तरी अंगावरून आलेलं असतं, हे मी शंभर भाषणांत सांगितलं होतं. माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत मला ते सुचलं नाही. मग ती हळूच म्हणाली, ‘थांबवलंस ते बरं केलंस, फौजदार. मीच उगाच तोंड वेंगाडलं होतं.’ आणि मी, मुंगे, मी तिचा हात दाबून म्हणाले, ‘बघ! मी म्हणत नव्हते? आता कसं झालंय बघ ते प्रकरण!’ तिने तुझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. मी विचारलं, मुंगीचं काय? डोळे न उघडता म्हणाली, ‘तिची आत्या आहे.’ आणि खरं सांगू? मला हायसं वाटलं. मी पस्तिशी ओलांडलेली, एका खोलीत राहणारी, कागदांत बुडालेली बाई. मला मूल नको होतं. मी ते तोंडाने कधी म्हटलं नव्हतं, तिला न सांगताच ठाऊक होतं.

ती गेली. आत्याने तुला दोन महिने ठेवलं आणि वसतिगृहात घातलं. पुस्तक आलं आणि गाजलं. मी गावोगाव बोलायला लागले. ‘थांबण्याची कला’ हे माझं व्याख्यान तेव्हाचंच.

दीड वर्षाने काका निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी बुटांचं एक खोकं माझ्या टेबलावर आणून ठेवलं. इतक्या वर्षांत काढून घेतलेल्या सगळ्या चिठ्ठ्या आणि काही मूळ हस्तलिखितं त्यात तारखेनुसार लावलेली होती. मी म्हटलं, हे कशाला जपलंत? म्हणाले, ‘बाई, तुम्ही बघायचं नाही म्हणाला होतात. फेकायचं म्हणाला नव्हतात.’ मी सहज चाळायला घेतलं. भाचे, जावई, आजारी आया, सगळे होते. मग तुझ्या आईचं अक्षर आलं. कागदाच्या अर्ध्या तुकड्यावर, ‘फौजदार, हे प्रकरण नाही. हे खरं आहे. तोंडाने सांगवत नाही आणि माझ्या नावाने लिहवत नाही, म्हणून गोष्टीतल्या बाईच्या आवाजात लिहिलं. नवा पत्ता नाही म्हणून कचेरीत धाडते. नीट वाच आणि उत्तर दे.’ पुढच्या महिन्याच्या तारखेखाली दुसरी चिठ्ठी होती. तिच्यावर दोनच शब्द. ‘समजलं. काढलं.’

तिने मला पत्र लिहिलं होतं आणि मी ते तपासून, दुरुस्त करून तिला परत पाठवलं होतं. मी तिला ओळखल्यावर तिच्या चिठ्ठ्या काका काढून घेत नसतील असं तिने धरलं असणार, म्हणून माझा शेरा हेच तिला माझं उत्तर वाटलं. आणि तरी ते पत्र तिने मला छापू दिलं! तिच्या जागी मी असते तर किती ओरडले असते, किती दिवस अबोला धरला असता! तिने एका शब्दाने विचारलं नाही. भूगोलाच्या बाईची मान ताठ होती आणि माझी फौजदारी मी त्या मानेवर चालवली होती. काकांना दोष देण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी माझा हुकूम पाळला होता.

त्या आठवड्यात मी खोलीवर दुसरी खाट आणली. घरमालकीण म्हणाली, ‘पाहुणे येणार वाटतं?’ मी म्हटलं, पाहुणी नाही, मुलगी येणार आहे. हे वाक्य म्हणताना मला जे वाटलं ते पुन्हा कधी वाटलं नाही. रविवारी तुझ्या वसतिगृहात गेले. भेटायला येणाऱ्यांच्या खोलीत पत्र्याच्या चार खुर्च्या, भिंतीवर नियमांची पाटी. तू आलीस ती शाईने माखलेली बोटं पाठीमागे लपवत. समोर बसलीस, पाय जमिनीला टेकत नव्हते. मी बोलायला सुरुवात करणार तेवढ्यात तूच विचारलंस, ‘मावशी, आईने मला कुणाकडे दे असं सांगितलं होतं का?’

खरं उत्तर एका शब्दाचं होतं आणि ते सांगायलाच मी गेले होते. पण त्या उत्तराच्या मागे दुसरा प्रश्न उभा होता, मग तू इतके दिवस कुठे होतीस? हजार माणसांच्या सभेत कुणी आडवा प्रश्न विचारला तर मी त्याला दोन वाक्यांत खाली बसवायची. पत्र्याच्या खुर्चीवरच्या अकरा वर्षांच्या पोरीला मी घाबरले. मी म्हटलं, ‘नाही ग. तिला वेळच मिळाला नाही.’ तू थोडा विचार केलास आणि म्हणालीस, ‘बरं.’ नुसतं बरं. मग विचारलंस, ‘पुस्तक आणलंयस का?’ मी पिशवीतून आणलेलं पुस्तक तुला दिलं आणि परत आले. त्या खाटेवर पुढे कित्येक वर्षं बाडांचे गठ्ठे पडून होते.

त्यानंतर दर महिन्याला पुस्तकं पाठवली. तू प्रत्येक समारंभात सांगतेस, मावशीच्या पुस्तकांनी मला वाढवलं. ते ऐकताना मी मान खाली घालते आणि लोकांना तो विनय वाटतो. विनय नव्हे ग. तोंड बंद ठेवण्यासाठी मी स्वतःलाच दिलेली ती लाच होती. आणि व्याख्यान? ते मी बंद केलं असेल असं तुला वाटेल. नाही केलं. चिठ्ठ्या सापडल्यानंतरही मी ते एकवीस वर्षं दिलं. जे सत्य पेलत नाही त्याच्यावर उभं राहून बोललं की आवाज अधिकच चढतो, हे मी स्वतःवरून सांगते. त्यातल्या एकोणिसाव्या वर्षी तू पहिल्या रांगेत बसली होतीस. मी टेबलावर मूठ आपटून म्हणाले, ‘मागणं कापा, म्हणजे दुःख उरेल!’ सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवत होतं, आणि सगळे खाली बसल्यावरही तू वाजवत राहिलीस.

आता वाक्याची दुरुस्ती. सोबत आईच्या हातचे ते मूळ कागद आणि दोन्ही चिठ्ठ्या पाठवत आहे. ते तुझे आहेत, चौतीस वर्षं माझ्याकडे नुसते अडकून पडले होते. हे पत्र वाचताना कदाचित ते आधी उघडायची तुझी छाती होणार नाही, म्हणून ते दोन परिच्छेद इथे उतरवते. जसेच्या तसे. ‘सखे, आता मुद्द्याचं. धाकटीला तू नेशील का? ती फार जागा घेत नाही. झोपताना भिंतीकडे तोंड करते. मोजत बसते, तिला मोजू दे, कुणी थांबवलं की ती पहिल्यापासून सुरू करते. तिच्या आत्याकडे दिली तर वाढेल, पण तिचं ऐकून कुणी घेणार नाही. तू घेशील. तुला मुलं आवडत नाहीत हे मला माहीत आहे. ही आवडेल.’ आणि दुसरा, एवढासा, ‘मी कुणाकडे कधी काही मागितलं नाही, म्हणून नीट मागता येत नाही. हो म्हण, म्हणजे मी निवांत होईन.’ तर मुंगे, तुझ्या आईने तुझ्यासाठी एक ओळ नाही, चांगल्या दहा ओळी लिहिल्या होत्या. अडीचशे पानांत तिने स्वतःसाठी असं लिहिलेलं तेवढंच, आणि तेवढंच मी कापलं. प्रस्तावनेतलं ते वाक्य काढ. तेराव्या प्रकरणाला त्याचा शेवट परत दे. अभ्यासक वाद घालतील, घालू देत. पहिल्या पानावर संपादक म्हणून माझं नाव आहे, त्याचं काय करायचं ते तू ठरव. तिला माफ करण्यासारखं काही नव्हतंच. जे काही आहे ते माझ्या नावावर.

इथे थांबायला हवं, असं माझी सगळी हयात मला सांगते आहे. इथे थांबले तर पत्र चांगलं होईल, मी प्रामाणिक दिसेन, मानही ताठ राहील. पण हे पत्र मी त्यासाठी लिहायला घेतलेलं नाही. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की उजवा गेलाच आहे आणि डावाही फार तर सहा महिने साथ देईल. हे मी तुला सांगितलं नव्हतं. तू ज्या मावशीला बोलावते आहेस ती वाचत बसणारी, तुझ्या लेकीला शिकवणारी, कुणाला ओझं न होणारी आहे. येईल ती चाचपडणारी असेल, तिला ताटातलं कुठे काय आहे हे सांगावं लागेल, आणि तुझी डावीकडची खिडकी तिच्या काही कामाची नसेल. मला एकटीला भीती वाटते, मुंगे. मी इतकी घाबरट आहे हे मला माहीत नव्हतं. तुझ्याकडून फसवून हो घेता आलं असतं. पाकीट आलं त्याच दिवशी फोन करून ‘येते’ म्हटलं असतं तर तू गाडी घेऊन आली असतीस. तसं करवलं नाही. म्हणून आधी सगळं सांगितलं, आणि आता विचारते. मी फार जागा घेणार नाही. मला नेशील का? नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हण. उत्तर लिहिशील ते मला कदाचित दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागेल, पण म्हणून त्यातलं काही गाळू नकोस.

तुझीच, आणि अजून म्हणवत असेल तर,
मावशी